बाजो मच्छीमार कुटुंबे: एक समुद्र आणि अनेक धंदे

२०१८ साली 'सेल' या विज्ञानपत्रिकेत इंडोनेशियातील बाजो लोकांविषयी एक संशोधन प्रसिद्ध झाले आणि ते जगभर गाजले. सुलावेसी बेटावरच्या जया बाक्ती गावातील बाजो लोकांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, शेजारच्या सालुआन समाजातील लोकांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी असल्याचे त्यात आढळले होते. श्वास रोखून पाण्यात गेल्यावर प्लीहा आकुंचन पावते आणि तिच्यातल्या तांबड्या पेशी रक्तात येतात. त्यामुळे पाण्याखाली थोडा जास्त वेळ निभावता येते. पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून जगलेल्या समाजाच्या शरीरात झालेला हा बदल असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

या संशोधनातला एक तपशील चटकन नजरेतून सुटतो. जे बाजो बुडी मारत नव्हते त्यांचीही प्लीहा मोठीच निघाली. म्हणजे गावात बुडी न मारणारे बाजोही होते. ते पोटासाठी काय करतात, हा प्रश्न प्लीहेइतका रंजक वाटणार नाही. पण बाजो कुटुंब तगून कसे राहते याचे उत्तर त्यातच आहे.

बाजो घर एकाच कामावर क्वचितच चालते. मासेमारी, समुद्रकाकडी, शेवाळाची शेती, बाजार, परगावची मजुरी, पर्यटकांची ने-आण अशी पाच-सहा कामे एकाच घरात चालू असतात. सरकारी अहवाल आणि मदतसंस्था याला 'उपजीविकेचे वैविध्य' म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यामागे एक अपेक्षा असते, ती म्हणजे नवा धंदा मिळाला की लोक मासेमारी कमी करतील. बाजोंच्या बाबतीत ही अपेक्षा बहुधा फोल ठरली आहे. नवे काम जुन्याची जागा घेत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसते. असे का होते हे समजण्यासाठी आधी या लोकांची राहणी पाहावी लागते.

सामा, बाजो, बजाऊ

हे लोक स्वतःला 'सामा' म्हणवतात. आपल्यातला नसलेल्या माणसासाठी त्यांचा शब्द आहे 'बागाई'. बाहेरच्यांनी त्यांना दिलेली नावे देशागणिक बदलतात: इंडोनेशियात बाजो, मलेशियाच्या सबाह राज्यात बजाऊ, दक्षिण फिलिपिन्समध्ये बादजाओ. कोमोडो ड्रॅगन पाहायला जाणारे पर्यटक ज्या लाबुआन बाजो शहरात उतरतात, त्या नावाचा अर्थच 'बाजोंचे बंदर' असा आहे. त्यांच्या वस्त्या कालिमांतानपासून सुलावेसी, मालुकू आणि थेट रोते बेटापर्यंत विखुरलेल्या आहेत. एका वस्तीतल्या माणसाचे नातेवाईक शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या वस्तीत असतात. पुढे आपण पाहणार आहोत त्या बऱ्याच धंद्यांचे भांडवल हे नातेच आहे.

काही पिढ्यांपूर्वीपर्यंत अनेक कुटुंबे 'लेपा' नावाच्या होडीतच जन्मत, संसार करत आणि मरत. विसाव्या शतकात बहुतेकांनी उथळ पाण्यात लाकडी खांबांवर घरे बांधली. कुठे खांबांखाली प्रवाळाचे दगड रचून जोते केले. पण ही घरे समुद्रातच राहिली. बाजोंकडे जमीन नव्हती आणि बहुतेकांकडे आजही नाही.

या लेखात मुख्यतः आग्नेय सुलावेसीतील वाकाटोबी द्वीपसमूहाचे उदाहरण घेतले आहे. वांगी-वांगी, कालेदुपा, तोमिया आणि बिनोंको या चार बेटांची पहिली अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. कालेदुपाजवळ मांतिगोला, सांपेला आणि लोहोआ, तोमियाजवळ लामांगाऊ आणि वांगी-वांगीला लागून मोला, अशा येथल्या बाजो वस्त्या आहेत. १९५० च्या दशकात सुलावेसीत सशस्त्र बंडाळी माजली. त्या धामधुमीत मांतिगोलातली बरीच कुटुंबे मोलाकडे सरकली. पुढे मोला ही या भागातली सर्वांत मोठी बाजो वस्ती झाली.

जमीन नाही याचा अर्थ पिण्याचे पाणी, सरपण, भाजी आणि पोटभरीचे अन्न, सगळे बेटावरून आणायचे. वाकाटोबीचे रोजचे अन्न म्हणजे कासुआमी. कसावाचा कंद किसून, पिळून, शंकूच्या आकारात वाफवून ते करतात. हा कंद पिकवतात बेटावरचे शेतकरी आणि मासे धरतात बाजो. त्यामुळे मासे द्यायचे आणि कंद घ्यायचा ही देवाणघेवाण बाजो घराच्या अगदी पायाशी आहे. केवळ मासे धरून जगणारा बाजो पूर्वीही नव्हता. मासा धरला की तो कुठेतरी नेऊन कशाशी तरी बदलावाच लागे.

जवळची फेरी, लांबची फेरी

बाजो लोक मासेमारीच्या फेऱ्यांचे प्रकार वेगवेगळ्या शब्दांनी ओळखतात. मध्य आणि उत्तर सुलावेसीच्या वस्त्यांत हे शब्द विशेष प्रचलित आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याची जवळची मासेमारी म्हणजे 'पालिलिबू'. काही आठवडे घराबाहेर राहायचे, बऱ्याचदा बायकामुलांना घेऊन, ती 'बापोंका'. कित्येक होड्यांनी मिळून दूरच्या बेटांकडे जायचे ती 'सासाकाई'. आणि मोठ्या शिडाच्या नावेतून महिनोन्‌महिने जायचे ती 'लामा'.

वरवर पाहता ही मासेमारीचीच चार नावे आहेत. पण प्रत्येक फेरीत माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळे आणि पैसा हातात येण्याची वेळही वेगळी. जवळच्या फेरीतले मासे त्याच दिवशी खाल्ले किंवा विकले जातात. लांबच्या फेरीत खारवलेले मासे, सुकवलेली समुद्रकाकडी, मोठे शिंपले असा टिकाऊ माल जमवला जातो आणि तो परतल्यावर व्यापाऱ्याकडे जातो. घरात आज चूल पेटवायला जवळची फेरी लागते, तर होडीची डागडुजी, लग्न किंवा घराचे नवे खांब यासाठी लांबची फेरी.

ऋतूही यात हात घालतो. वाकाटोबीत साधारण जून ते सप्टेंबर पूर्वेकडचा वारा जोरात असतो, तर वर्षाच्या दोन्ही टोकांना पश्चिमेकडचा वारा पावसासह येतो. वारा फिरला की मासेमारीची जागा फिरते, कधी महिनाच वाया जातो. कोणत्या आठवड्यात कोणते काम करायचे हे भरती-ओहोटी आणि चंद्राच्या कला ठरवतात.

एका घरातली कामे

बाजो घरातल्या कामांची यादी करायची तर सुरुवात ओहोटीपासून करावी लागेल. पाणी ओसरले की बायका आणि मुले उघड्या पडलेल्या प्रवाळावर उतरतात आणि शिंपले, खेकडे, समुद्री साळिंदर (काटेरी गोल प्राणी, ज्याची अंडी खातात), छोटे ऑक्टोपस गोळा करतात. उन्हापासून बचावासाठी तोंडाला तांदळाच्या पिठाचा आणि हळदीचा लेप लावलेला असतो. मासेमारीच्या नोंदींमध्ये ही वेचणी कित्येक वर्षे धरलीच जात नव्हती, कारण त्यात होडी नाही आणि पुरुष नाही. पण पुरुष लांबच्या फेरीवर असताना घरातली ताटे या वेचणीवर भरतात.

पुरुषांची कामेही एकसारखी नसतात. कोणी गळाने मासे धरतो, कोणी जाळे लावतो, कोणी भाल्याने शिकार करतो, कोणी रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात फिरतो. मोलातले अनेक जण खोल समुद्रात जाऊन हातगळाने मोठा कुपा (ट्यूना) धरतात. त्याला इंजिनाची होडी, डिझेल आणि बर्फ लागतो, त्यामुळे तो धंदा सगळ्यांना परवडत नाही.

मासे किनाऱ्याला आले की पुढचे काम बायकांकडे जाते. ताजे मासे बेटाच्या बाजारात नेणे, शेतकरी बायकांशी घासाघीस करून कंद-भाजीशी बदलणे, उरलेले खारवणे आणि सुकवणे. घराच्या पुढच्या फळ्यांवर एखादीचे छोटे दुकान असते. त्यात साबण, सिगारेटी, नूडल्सची पाकिटे, गळाचे आकडे मिळतात. दुकानाची कमाई थोडीच, पण ती रोजची असते. समुद्राच्या बेभरवशाच्या कमाईला हा छोटासा टेकू असतो.

उचल

बाजो कुटुंब एक काम सोडून दुसरे सहज का धरत नाही, याचे मोठे कारण आहे 'पुंगावा'. हा म्हणजे व्यापारी, सावकार, होडीमालक आणि अडीनडीचा आधार असे सगळे एकाच माणसात. तो डिझेल, बर्फ, जाळी, कधी पूर्ण होडी उधार देतो. आजारपणात, बाळंतपणात, लग्नात पैसे देतो. त्याबदल्यात माल त्यालाच द्यायचा, तो सांगेल त्या भावाने. महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगाराला मुकादमाकडून मिळणारी 'उचल' ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

या नात्याकडे केवळ शोषण म्हणून पाहणे सोपे आहे, पण अपुरे. बँक बाजोला कर्ज देत नव्हती, कारण तारण ठेवायला जमीन नव्हती. विमा नव्हता. वादळात होडी फुटली तर दुसऱ्या दिवशी दार ठोठावता येईल असा माणूस पुंगावाच होता. त्याचा भाव कमी असतो, पण त्याचे दार उघडे असते.

अडचण अशी की कर्ज फिटेपर्यंत कोणता माल आणायचा हे पुंगावा ठरवतो. त्याला समुद्रकाकडी हवी असेल तर समुद्रकाकडी, शार्कचे पर हवे असतील तर पर. मासे कमी झाल्यावर कुटुंबाने दुसरा धंदा धरावा असे बाहेरच्याला वाटते. पण डोक्यावर उचल असलेल्या माणसाला मासे कमी झाल्यावर जास्त दिवस समुद्रात जावे लागते. आणि कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाला तरी वेगळे काम शोधावे लागते. कामांची संख्या वाढते ती अशी.

चीनचे जेवण आणि ऑस्ट्रेलियाची रेषा

बाजोंचा दूरच्या बाजाराशी असलेला संबंध नवा नाही. समुद्रकाकडी, म्हणजे 'त्रिपांग', उकडून, धुरी देऊन, वाळवून चीनला पाठवण्याचा व्यापार मकासार बंदरातून अठराव्या शतकात जोरात होता. त्यासाठी शिडाच्या नावांचे ताफे दरवर्षी उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत जात. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीला १८०३ साली असा एक ताफा तेथे भेटला होता. या ताफ्यांत मकासारी आणि बुगी लोकांबरोबर बाजोही असत. ऑस्ट्रेलियाने परवाने देणे थांबवल्यावर १९०६–०७ च्या सुमारास मुख्य भूमीवरच्या या फेऱ्या संपल्या, पण मधल्या समुद्रातल्या प्रवाळबेटांवर इंडोनेशियाचे मच्छीमार जात राहिले.

१९७४ मध्ये दोन्ही देशांनी एक सामंजस्य करार केला. अ‍ॅशमोर, कार्टियर, स्कॉट, सेरिंगापाटम आणि ब्राउज या ठिकाणी 'पारंपरिक' मच्छीमारांना मासेमारी करू द्यावी असे ठरले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाने २०० सागरी मैलांचे मासेमारी क्षेत्र जाहीर केले आणि बाजोंचे कित्येक जुने मार्ग एका रात्रीत परक्या हद्दीत गेले. पुढे अ‍ॅशमोर हे राखीव क्षेत्र झाले आणि तेथली मासेमारी जवळजवळ बंद झाली.

करारातला 'पारंपरिक' हा शब्द बाजोंना फार महागात पडला. पारंपरिक म्हणजे शिडाची नाव, इंजिन नाही. ज्या काळात इंडोनेशियाभर होड्यांना इंजिने लागत होती, त्याच काळात या समुद्रात जाणाऱ्यांना कायदेशीर राहायचे तर शिडावरच जावे लागले. वादळ आल्यावर शिडाच्या नावेला पळून जाता येत नाही. हा नियम परंपरेच्या सन्मानासाठी केला होता, पण प्रत्यक्षात त्याने माणसांना त्यांच्या आजोबांच्या काळात कोंडले. नताशा स्टेसी या अभ्यासिकेने मोला आणि मांतिगोलाच्या बाजोंबरोबर राहून या प्रश्नावर लिहिलेले पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'बोट्स टू बर्न', म्हणजे 'जाळण्यासाठीच्या बोटी'. हद्द ओलांडताना पकडलेल्या नावा ऑस्ट्रेलियाचे अधिकारी जाळून टाकत, त्यावरून हे नाव आले.

मोला आणि मांतिगोलाचे बाजो शार्कच्या परांसाठी रोते बेटावरच्या पेपेला गावी येऊ लागले आणि त्यातली काही कुटुंबे तेथेच वाळूच्या पट्टीवर झोपड्या बांधून राहिली. पेपेला हे ऑस्ट्रेलियाच्या हद्दीला जवळ. जुन्या पद्धतीत नारळाच्या करवंट्यांचा 'गोरोगोरो' नावाचा खुळखुळा पाण्यात वाजवून शार्कला बोलावत. नंतर लांब दोरीला अनेक गळ लावण्याची पद्धत आली. परांना भाव चांगला, म्हणून पुंगावा उचलही सढळ हाताने देत. नाव जप्त होऊन जाळली की ती उचल मात्र तशीच राहायची. ती फेडायला पुन्हा नाव घ्यायची आणि पुन्हा तिकडेच जायचे. जाळलेली नाव धाक घालण्याऐवजी माणसाला त्याच पाण्यात परत ढकलत होती.

२००९ ते २०१२ या काळात रोते आणि आसपासच्या बेटांवरच्या गरीब मच्छीमारांना आणखी एक काम देऊ केले गेले. निर्वासितांनी भरलेल्या होड्या ऑस्ट्रेलियापर्यंत नेण्याचे. एका फेरीचे पैसे महिनोन्‌महिन्यांच्या मासेमारीपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात त्यासाठी किमान ५ वर्षांची कैद होती. आखणी करणारे दलाल किनाऱ्यावरच राहिले आणि तुरुंगात गेले ते बहुतेक खलाशी, स्वयंपाकी आणि पोरसवदा मुले. उपजीविकेच्या वैविध्याची गोष्ट सांगताना हे प्रकरण सहसा गाळले जाते. पण समुद्रावर वाट काढण्याचे ज्ञान हेच ज्याचे भांडवल आहे, त्याच्यासमोर असेही पर्याय येतात.

शेवाळाची शेती

बाजोंच्या आयुष्यात गेल्या तीन-चार दशकांत आलेला सर्वांत मोठा नवा धंदा म्हणजे समुद्री शेवाळाची शेती. स्थानिक लोक या शेवाळाला 'आगार-आगार' म्हणतात. आपल्याकडे खरवसासारख्या किंवा जेलीच्या पदार्थांत वापरतात ते 'चायना ग्रास' म्हणजे अगर-अगर, हा मूळ मलय शब्द. वाकाटोबीत लावतात ती जात वेगळी आणि तिच्यातून निघणारा पदार्थही वेगळा: कॅराजीनन. आइस्क्रीम, टूथपेस्ट, चॉकलेट दूध यांना दाटपणा आणायला तो वापरतात. या शेवाळाच्या उत्पादनात इंडोनेशिया जगात आघाडीवर आहे.

शेती करायला जमीन लागत नाही, हे बाजोंच्या दृष्टीने तिचे पहिले आकर्षण. उथळ, शांत पाण्यात खुंट्या ठोकून किंवा नांगर टाकून लांब दोऱ्या ताणतात. दोऱ्या तरंगत ठेवायला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधतात. दोरीवर वीत-वीतभर अंतराने शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी काढायचे. काढलेल्यातले काही बियाणे म्हणून पुन्हा बांधायचे, बाकीचे घराच्या फळ्यांवर पसरून वाळवायचे. सात-आठ किलो ओले शेवाळ वाळून जेमतेम किलोभर राहते.

तुकडे बांधण्याचे काम बहुतेक बायका, म्हातारी माणसे आणि मुले करतात. स्वतःच्या दोऱ्या नसतील तर दुसऱ्याच्या बांधून देतात आणि दोरीमागे मजुरी घेतात. ही मजुरी लहान असली तरी तिची खास गोष्ट म्हणजे ती थेट बाईच्या हातात येते आणि पुंगावाच्या वहीत जात नाही. होड्या लागतात त्या फक्त दोऱ्यांची देखरेख करायला आणि पीक आणायला, म्हणजे दिवसातले काही तास. उरलेल्या वेळात पुरुष मासेमारीला मोकळाच.

आणि नेमके हेच शेवाळाच्या प्रचारकांना अपेक्षित नव्हते. मच्छीमार शेवाळाकडे वळले की प्रवाळावरचा ताण कमी होईल, या विचाराने इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये या शेतीला प्रोत्साहन दिले गेले. नंतर केलेल्या अभ्यासांत दिसले की अनेक ठिकाणी कुटुंबांनी शेवाळ लावले आणि मासेमारीही चालू ठेवली. काही घरांत तर शेवाळाच्या पैशातून इंजिन आले आणि होडी आणखी लांब जाऊ लागली. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शेवाळाचे पैसे दीड महिन्याने येतात, भूक रोज लागते. शिवाय जेवणात मासा हवाच, शेवाळ कोणी ताटात वाढत नाही.

या शेतीची जोखीमही समुद्राएवढीच. पाणी जास्त तापले किंवा खारटपणा बदलला की फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. हा रोग 'आइस-आइस' नावाने ओळखला जातो आणि तो आला की काही दिवसांत दोऱ्या रिकाम्या होतात. कासवे आणि काही मासे शेवाळ खातात. भावाचे तर विचारूच नये. २००८ मध्ये जागतिक मागणीमुळे भाव अचानक चढले, लोकांनी मिळेल तिथे दोऱ्या लावल्या आणि नंतर भाव कोसळले. ज्यांनी त्या तेजीत उधारीने दोऱ्या घेतल्या त्यांच्याकडे दोऱ्या राहिल्या आणि उधारीही. आणखी एक अडचण हक्काची. चांगले उथळ पाणी बहुधा बेटाच्या किनाऱ्यालगत असते आणि त्यावर किनाऱ्यावरची गावे आपला हक्क सांगतात. बाजो तेथे दोरी लावू शकतो, पण उद्या काढ म्हटले तर त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो.

सर्वांत मोठा आघात बाहेरून आला. २१ ऑगस्ट २००९ रोजी तिमोर समुद्रात ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या माँतारा तेलविहिरीतून गळती सुरू झाली आणि ती दहा आठवड्यांहून अधिक काळ चालली. रोते आणि कुपांग परिसरातल्या शेवाळ शेतकऱ्यांची पिके मेली. सुमारे १५,००० शेतकऱ्यांच्या वतीने ऑस्ट्रेलियात दावा लढवला गेला. तेथल्या संघीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे पीक गेले तेव्हा जे मूल पहिलीत होते, ते पैसे ठरेपर्यंत मिळवते झाले होते. मधली तेरा वर्षे ज्याच्याकडे दुसरे काही काम होते तोच तगला.

स्फोटके, सायनाइड आणि राष्ट्रीय उद्यान

बाजोंवर सर्वांत जास्त टीका होते ती स्फोटकांच्या मासेमारीवरून. खत आणि रॉकेल भरलेली बाटली पेटवून पाण्यात टाकायची आणि मेलेले मासे गोळा करायचे. मासे मिळतात, प्रवाळ कायमचा जातो, आणि बाटली हातातच फुटून माणूस लुळा होतो तो वेगळाच. इंडोनेशियाच्या २००४ च्या मत्स्य कायद्यानुसार त्यासाठी ६ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा प्रकार जिवंत माशांचा. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत काचेच्या टाकीतला जिवंत हेकरू किंवा नेपोलियन रास मासा निवडून खाण्याची पद्धत आहे. त्यासाठी मासा न मारता धरायला सायनाइडचे पाणी फवारून त्याला गुंगवतात. नेपोलियन रासच्या व्यापारावर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. या दोन्ही धंद्यांत सामान पुरवणारा आणि माल उचलणारा व्यापारी सहसा बाजो नसतो, पण पकडला जातो तो होडीतला माणूस. सगळेच बाजो असे करतात ही समजूत मात्र खोटी आहे. गळाने मासे धरणारे बाजोच या स्फोटांवर सर्वांत जास्त चिडलेले असतात, कारण नुकसान त्यांच्या रोजच्या जागेचे होते.

वाकाटोबीचा सुमारे १३,९०० चौरस किलोमीटरचा परिसर १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. २००७ मध्ये त्याचे नवे विभाग आखले गेले. पूर्ण बंदीचा भाग छोटा ठेवून फार मोठा भाग स्थानिकांच्या वापरासाठी सोडला. कागदावर हे उदार वाटते. पण 'स्थानिक' म्हणजे कोण, हा प्रश्न बाजोंच्या बाबतीत कायम अवघड आहे. दोन महिने या बेटावर आणि दोन महिने त्या बेटावर राहणारा माणूस कोणत्या गावचा स्थानिक?

समुद्राबाहेरची कामे

सांपेलाजवळच्या होगा बेटावर १९९० च्या दशकापासून ऑपरेशन वॉलेशिया या ब्रिटिश संस्थेचे संशोधन केंद्र आहे. विद्यापीठांच्या सुट्टीत तेथे परदेशी विद्यार्थी येतात. त्या काळात सांपेलातले काही जण होडी चालवतात, स्वयंपाक करतात, वाटाड्याचे काम करतात, काही घरे पाहुणे ठेवतात. मोलातही डॉल्फिन दाखवण्याच्या फेऱ्या आणि वस्तीतली पायी सैर सुरू झाली आहे. ही कमाई चांगली, पण वर्षातले थोडेच आठवडे आणि थोड्याच घरांना. इंग्रजी येणारा, पाहुण्यांशी ओळख असलेला माणूस पुढच्या वर्षीही तोच निवडला जातो. कोविडच्या काळात परदेशी पाहुणे थांबले तेव्हा ही घरे पुन्हा गळ आणि दोरीकडे गेली. जुने काम सोडून दिलेले नव्हते म्हणून ते हाताशी होते.

जमिनीवर वसवण्याचे प्रयोगही झाले. गोरोंतालो प्रांतातल्या तोरोसियाजे येथे सरकारने १९८० च्या दशकात बाजोंना किनाऱ्यावर घरे दिली. काहींनी शेती धरली, बरेच जण समुद्रावरच्या घरांत परतले. आज तेथे एकाच मुळाची तीन गावे आहेत, एक पाण्यावर आणि दोन जमिनीवर. एखाद्या कुटुंबाचा एक भाऊ मका लावतो आणि दुसरा मासे धरतो. सरकारला हे स्थलांतर अर्धवट फसलेले वाटत असेल, पण कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे पाय ठेवायला जागा मिळाली.

परगावी जाणे हा तर बाजोंचा जुनाच मार्ग. मोलातले तरुण सबाहमध्ये बांधकामावर, मासेमारी जहाजांवर, किंवा पूर्वेकडच्या बेटांत व्यापारी होड्यांवर जातात. ओळखीचे कोणीतरी तेथे आधीपासून असतेच. घरी पाठवलेल्या पैशातून मुलांच्या शाळेची फी आणि घराचे पत्रे होतात. शिकलेली मुले शिक्षक, परिचारिका, तालुक्याच्या कचेरीत कारकून झाल्याची उदाहरणे आता वस्तीवस्तीत आहेत. एका महिन्याच्या ठरलेल्या पगाराचे महत्त्व अशा घरात फार मोठे असते, कारण त्या पगाराच्या भरवशावर बाकीच्यांना जोखमीचे काम करता येते आणि पुंगावाकडून घेतलेली उचल थोडी लवकर फिटते.

कर्जाच्या बाबतीत अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. पाण्यावरच्या घरांना पूर्वी मालकीचा कोणताही कागद नव्हता, त्यामुळे बँकेत तारण म्हणून त्यांची किंमत शून्य होती. जून २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो वाकाटोबीला आले तेव्हा तेथल्या बाजो कुटुंबांना त्यांच्या समुद्रावरच्या घरांची प्रमाणपत्रे देण्यात आली. आता तो कागद घेऊन बँकेत जाता येते. बँक मात्र दरमहा हप्ता मागते, आणि पुंगावा उधळलेला समुद्र शांत होईपर्यंत थांबतो. त्यामुळे बऱ्याच घरांत सध्या दोन वह्या असणार, एक बँकेची आणि एक त्याची.